तीनशे चार, दुपारचे तीन

जुलैपासून मी समन्वयक.
दारावर पाटी आली, खोलीत एसी आला
आणि बावीस रकान्यांचा एक फॉर्म:
तरुण शिक्षकांच्या तासाला बसायचं,
नेतृत्वगुण दिसतील तिथे खूण करायची.

त्याआधी शिबिर झालं दोन दिवसांचं,
अलकापुरीतल्या हॉटेलात.
डोळे बांधून आम्ही प्राध्यापकांनी
दोरीचा चौकोन केला.
पट्ट्या सोडल्या तर तो त्रिकोण निघाला.
तरीही टाळ्या वाजल्या.
डाळ-ढोकळी मात्र छान होती.

ऑक्टोबरात पहिला तास बघायचा तो मितुल पंचालचा.
फतेहगंजची आमची इमारत, तिसरा मजला.
हाच वर्ग मी एकोणीस वर्षं शिकवलाय,
पंखा कुठला कुरकुरतो, सॉकेट कुठलं मेलंय,
सगळं पाठ.

मागे जाऊन बसले. शेवटचा बाक, भिंतीकडचा.
शेजारची ऋत्वी वसावा आधी आक्रसली,
मग तिनं पाण्याची बाटली उचलून
मला कोपर टेकायला जागा केली.

मितुल मकरपुऱ्यातल्या व्हॉल्व्ह कारखान्याची केस घेत होता.
फोरमन सांगतोय, मशीन तापतंय.
मॅनेजर म्हणतोय, रिपोर्टात तसं काही नाही.
मुलं हसली. चांगला शिकवतो पोरगा.
चौथ्या रकान्यात मी खूण केली.

मग तो फळ्याच्या डाव्या बाजूला गेला,
लिहू लागला,
आणि मला काही दिसेना.

चष्मा पुसला. पुन्हा घातला.
खिडकीतून ऊन तिरपं येऊन पांढऱ्या फळ्यावर पडलेलं,
डावीकडचा तिसरा हिस्सा
घासलेल्या ताटासारखा लखलखत होता.

ऋत्वी वर बघतच नव्हती.
पुढच्या बाकावरची वही जराशी कलंडायची,
ही उतरवून घ्यायची,
हिच्यावरून पलीकडचा मुलगा.
कुणी खुणावत नव्हतं, कुणी लपवत नव्हतं.

'कधीपासून गं हे?'
'शुं, मॅम?'
'फळा. असा.'
'त्रण वागे? ए तो एवुंज होय.'

असंच असतं.
मुख्य मुद्दा मी नेहमी तिथेच लिहीत आले,
डावीकडे, वर, दोन रेघा मारून.
आणि पेपर तपासताना चिडायची:
मागच्या बाकांवर सगळ्यांची चूकसुद्धा एकच कशी?
एका मुलीचे मी अकरा गुण कापले होते,
नक्कल म्हणून.
ती भांडायला आली नव्हती.
'हो, मॅडम' म्हणाली होती फक्त.

तास संपला. मितुल रुमालानं मान पुसत आला:
'मॅडम, काही सुधारणा?'
'बस इथे,' म्हटलं. 'माझ्या जागी.'
मी फळ्याशी गेले, डावीकडे
त्या मुलीचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.
'वाच.'
त्यानं डोळे बारीक केले, मान वाकडी केली.
'नथी देखातुं, मॅडम.'

पडद्याचा अर्ज टाकला. तो अजून वरच आहे.
छगनभाईंनी गोदामातून जुना फ्लेक्स काढला,
कुठल्याशा नेतृत्व परिषदेचा,
सूट घातलेले, हाताची घडी घातलेले पाहुणे.
शिडीवरून त्यांनी विचारलं,
तोंड आत ठेवू की बाहेर?
'बाहेर.'
सुतळी आवळताना म्हणाले,
मार्चमध्ये याहून जास्त होतं, बेन,
मार्चमध्ये तर पार मधल्या रांगेपर्यंत.

आता दुपारी तीनला पाहुणे
स्कूटर-स्टँडकडे बघत उभे असतात.
वर्गात जरा अंधारतं. फळा सगळा दिसतो.
फॉर्मचे अठरा रकाने कोरे गेले,
त्याचा खुलासा मागितलाय.

ती मुलगी आणंदला बँकेत आहे म्हणे.
नंबर मिळाला.
दोनदा रिंग गेली,
मीच ठेवला.
उद्या जेवणाच्या सुट्टीत लावीन,
तेव्हा काउंटरवर गर्दी नसते.